शुभदाताईंची दाढ कोण सोसणार?

दात दुखला की माणसानं उठून दवाखान्यात जायचं, तिथे जुनी मासिकं चाळत बसायचं आणि आतल्या खोलीतून कुणाचं तरी ओरडणं ऐकून घाम पुसायचा, अशी पद्धत पूर्वी होती. आताच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. आता दाताचे डॉक्टरच घरी येतात. पूर्वी कल्हईवाला यायचा ना गल्लीत, भाता घेऊन? तसेच. दिवा, फवारा, थुंकी ओढणारी नळी, घडीचा डोकेटेकू, सगळं पाठीवरच्या एका बॅगेत मावतं. निम्मं गाव सत्तरीच्या पुढचं झालंय आणि त्यातले निम्मे जिना उतरत नाहीत. त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे वरात काढण्यासारखं. त्यापेक्षा दवाखानाच घरी न्यावा, हे सरकारला उशिरा का होईना सुचलं.

घोळ राहिला तो फक्त दुखण्याचा. ऐंशीच्या पुढच्या माणसाला बधिर करण्याचं इंजेक्शन घरी द्यायला बंदी आहे. ते बरोबरच आहे. कमजोर हृदय अचानक रुसलं तर दिवाणखान्यात अतिदक्षता विभाग कुठून आणणार? पण इंजेक्शनाशिवाय दाढ उपटावी तर दुखण्यानंच हृदय उसळ्या मारायला लागतं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. यावर शास्त्रज्ञांनी जी वाट काढली, तिचं नाव वेदनावळण.

डॉ. अन्वी शेडगे ते यंत्र पाठीवर घेऊन कराडला मसूरकरांच्या इमारतीचे तीन जिने चढली तेव्हा तिच्या कमरेतून कळा येत होत्या. दिवसभर लोकांच्या पलंगांशेजारी गुडघ्यांवर बसून वाकायचं, म्हटल्यावर चाळिशीच्या आत कंबर जाणारच. दारात उभं राहून तिनं एक हात कमरेवर दाबला, आणि नेमकं ते आतल्या पलंगावरून शुभदाताईंनी बघितलं.

"कंबर धरलीय का गं पोरी?" त्या सुजलेल्या गालातून म्हणाल्या. "आधी बस. केतकी, हिला चहा टाक."

"असू दे आजी, सवयीचं आहे," अन्वी म्हणाली. दाताच्या डॉक्टरला प्रत्येक घरी चहा आणि वर चिवड्याची बशी मिळते, आणि कवळीचं माप घेताना त्याच चिवड्यातले शेंगदाणे पेशंटच्या दातांत सापडतात, हे तिला पाठ झालं होतं.

शुभदाताई चौऱ्याऐंशीच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावर. उजव्या बाजूच्या खालच्या दाढेखाली पू झाला होता, आठवडाभर नुसती पेज चालली होती. दाढ आज निघाली नसती तर पू रक्तात उतरला असता आणि आधीच दमलेलं त्यांचं हृदय ते सोसणार नव्हतं. दवाखान्याचं नाव काढायची सोय नव्हती. "आमचे हे तिथे सर्दीसाठी गेले आणि परत आले नाहीत," एवढं एकच त्या बोलायच्या. आणि घरच्यांना खरी धास्ती वेगळीच वाटत होती. दोन दिवसांपासून आईनं कुणाला काही सुनावलं नव्हतं.

मुलगा तन्मय, छप्पन्न वर्षांचा, गुडघ्याला पट्टा बांधून सोफ्यावर बसला होता. मुलगी ऋतुजा पुण्याहून आली होती, तिची अर्धशिशी उठली होती म्हणून डोक्याला रुमाल आवळलेला. सून केतकी स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. ती रागावलेली नव्हती, तिची पद्धतच तशी.

अन्वीनं यंत्र टेबलावर ठेवलं. डब्याएवढं. त्यातून तिनं चार टिकल्या काढल्या. खऱ्या टिकल्यांसारख्याच, कपाळाला चिकटणाऱ्या.

"म्हणजे नेमकं काय करायचं, डॉक्टर?" तन्मयनं विचारलं. "आम्ही आर्ट्‌सवाले आहोत, जरा सोपं सांगा."

"दाढ दुखते असं आपण म्हणतो," अन्वी म्हणाली, "पण दाढेला स्वतःला काही कळत नाही. दाढेतली नस फक्त निरोप पाठवते. दुखतं ते मेंदूत. हे यंत्र तो निरोप मधेच पकडतं आणि दुसऱ्याच्या मेंदूकडे वळवतं. दाढ आजींची निघणार, कळ दुसऱ्याला येणार."

"दुसऱ्याला कशाला? पकडलेला निरोप फेकून द्या की."

"तेच तर होत नाही ना. नस कुरियरवाल्यासारखी असते. सही मिळाल्याशिवाय दारातून हलत नाही. उलट बेल जोरजोरात वाजवत बसते. निरोप फेकला तर कळ दुप्पट होऊन परत येते. कुणीतरी सही करून तो घ्यावाच लागतो."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. केतकी दारात येऊन उभी राहिली.

"मग घेणार कोण?" तिनं विचारलं.

आणि सुरू झालं. हॉटेलात जेवण झाल्यावर बिलावरून जी ओढाओढ होते, ती तुम्ही बघितली असेल. तस्सं. "मी घेतो," तन्मय म्हणाला. "छे, दादा, तुझा गुडघा आधीच. मी घेते," ऋतुजा म्हणाली. "अगं तुझं डोकं ठणकतंय, तू कशाला? मी मोठा आहे." "मोठा म्हणून काय झालं? मी मुलगी आहे तिची!" "आईची दाढ मी सोसणार म्हणजे मीच सोसणार!" आता तन्मय उभाच राहिला आणि गुडघ्यात कळ आली तसा परत बसला. पलंगावर शुभदाताईंचे डोळे भरून आले. इतकी गुणी पोरं!

केतकी पदराला हात पुसत एवढंच म्हणाली, "मी काही आग्रह करत नाही. मला दुखणं सोसत नाही." दोघा भावंडांनी तिच्याकडे जे बघितलं, ते बघण्यासारखं होतं.

"तोंडानं हो म्हणून भागत नाही हं," अन्वीनं बजावलं. "मेंदूला एक दार असतं. खरीखुरी तयारी असेल तरच ते उघडतं. आपण चाचणी घेऊ. तुम्ही दोघंही लावा. ज्याच्याकडे कळ उतरेल त्याची टिकली लाल होईल."

तिनं तन्मयला आणि ऋतुजाला टिकल्या लावल्या, शुभदाताईंनाही एक लावली आणि चौथी स्वतःच्या कपाळावर. "ही साक्षी टिकली," ती म्हणाली. "आजींच्या छातीचे ठोके मला कळत राहावेत म्हणून. हिच्यातून जात-येत काही नाही, ही नुसती बघी." यंत्राबरोबर आलेल्या माहितीत तसंच म्हटलं होतं.

यंत्र सुरू झालं. अन्वीनं छोट्या हातोडीनं दाढेवर हलकेच टकटक केलं.

तन्मयची टिकली पांढरीच. ऋतुजाचीही पांढरीच.

"चार्जिंग नसेल," तन्मय म्हणाला.

"माझी नीट चिकटली नाहीये," ऋतुजा म्हणाली. आणि मग एकदम तिनं डोक्याचा रुमाल सोडला. "अगंबाई! माझं डोकं उतरलं की!"

तन्मयनं पाय लांब केला, जवळ घेतला, पुन्हा लांब केला. उठून उभा राहिला. दोन पावलं चालला. मग चक्क सोफ्याला फेरी मारली. "गुडघा! अगं ऋतू, गुडघा गेला! म्हणजे दुखायचा गेला! डॉक्टर, काय यंत्र आहे हो हे!" भावंडं एकमेकांकडे बघून लहान मुलांसारखी हसत होती. तन्मयनं उकिडवं बसून दाखवलं.

केतकीचं लक्ष मात्र पलंगाकडे होतं. "अहो, यांची टिकली बघा," ती म्हणाली.

शुभदाताईंची टिकली लालभडक झाली होती. त्यांनी एका हातानं डोकं धरलं होतं, दुसरा हात गुडघ्यावर होता, मधेच तो कमरेकडे जाऊन येत होता. "काही नाही गं," त्या म्हणत होत्या, "काही होत नाही मला. तू चाल रे बाळा, चाल. किती दिवसांनी चालतोयस." आणि छातीचे ठोके घोडा पळावा तसे पळत होते.

अन्वीनं झटकन यंत्र बंद केलं.

तन्मय अजून उकिडवाच होता. "बंद का केलं? माझा तर—" एवढं बोलून होईपर्यंत गुडघा परत आला आणि त्याला उठवायला दोघींना हात द्यावा लागला. गेलेलं दुखणं परतायला असा थोडासा वेळ घेतं.

"काय झालं हे?" ऋतुजानं रुमाल पुन्हा बांधत विचारलं.

अन्वीला आता कळलं होतं आणि सांगायची लाज वाटत होती. कॉलेजात हा नियम शिकवलेला असतो, पण घराघरांत तो असा उघडा पडेल असं कुणी सांगत नाही. "वेदना पाण्यासारखी असते," ती म्हणाली. "उताराकडे जाते. ज्याची घ्यायची तयारी जास्त, तो खाली. आपण दाढेची कळ आजींकडून तुमच्याकडे पाठवायला गेलो. पण तुमच्यापेक्षा आजींची तयारी जास्त. म्हणून तुमचंच सगळं तिकडे गेलं."

तन्मय खाली फरशीकडे बघत राहिला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. तो आईवर प्रेम करत नव्हता अशातला भाग नाही. पण दाढेची कळ, थेट मुळापासून... माणूस मनातल्या मनात अंग चोरतोच. यंत्राला ते चोरलेलं अंग दिसलं, दुसरं काय!

"मग आता?" केतकीनं विचारलं. "दाढ तर आज निघालीच पाहिजे ना?"

"दोनच उपाय. एक तर तुमची तयारी वाढायला हवी. ती काही ठरवून वाढत नाही. नाहीतर आजींची कमी व्हायला हवी."

"म्हणजे आईला राग यायला हवा?" ऋतुजा म्हणाली. "एवढंच ना? ते काय अवघड आहे?"

यंत्र पुन्हा सुरू झालं. ऋतुजानं पदर खोचला. "आई, तू कायम दादाचेच लाड केलेस."

"केले," शुभदाताई म्हणाल्या. "रोगट होता तो. मग?" टिकली लालच.

तन्मय पुढे झाला. "आई, मी आजपासून तुझं काही ऐकणार नाही."

"आजपर्यंत कधी ऐकलंस रे सोन्या?" टिकली आणखी लाल.

तन्मय घामाघूम झाला. त्यानं डोळे मिटले, घसा खाकरला आणि म्हणाला, "आई, तुझ्या अनारशांना कधी जाळी पडलीच नाही."

ऋतुजानं तोंडावर हात ठेवला. केतकीच्या हातातला कप बशीत वाजला. करणाऱ्या बाईला विचारा, अनारसा तळून वर आला की त्याला मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी दिसली पाहिजे, नाहीतर ती बाई चार घरांत मान वर करून हिंडत नाही. शुभदाताईंचे अनारसे दिवाळीत तीन इमारतींत वाटले जायचे.

"काय म्हणालास?" त्या उशीवरून वर उठल्या. "माझ्या अनारशांना? ताटभर एकटा गिळायचास तेव्हा नाही दिसली जाळी, मेल्या?"

टिकली पांढरीफटक पडली. तन्मयची लाल झाली. उतार फिरला! अन्वीनं चपळाईनं चिमटा दाढेला लावला आणि नुसतं जरासं हलवलं.

तन्मयला आयुष्यात असं काही झालं नव्हतं. कानापासून हनुवटीपर्यंत कुणी तापलेली सळई ओढावी तसं. तो जागच्या जागी उडाला आणि ओरडला, जे आपल्याकडे कुणीही ओरडेल तेच ओरडला.

"आई गं!"

झालं! अनारसे गेले कुठल्या कुठे. "काय झालं रे माझ्या राजा?" म्हणत शुभदाताईंनी हात पुढे केला आणि दाढ, गुडघा, डोकं, सगळं धो धो त्यांच्याकडे परत आलं. ठोके पुन्हा उधळले. अन्वीनं पुन्हा यंत्र बंद केलं. दाढ जागेवरच.

"ओरडताना दुसरं काहीतरी ओरडायचं ना रे!" ऋतुजा चिडली.

"दुसरं काय ओरडतात?" तन्मय गाल धरून म्हणाला. खरंच, दुसरं काय ओरडतात?

केतकीनं कप खाली ठेवला. "ती टिकली मला द्या," ती म्हणाली.

"तुम्ही तर म्हणालात, सोसत नाही," अन्वी म्हणाली.

"नाहीच सोसत. पण माझ्यासाठी या अंग झिजवणार नाहीत आणि यांच्यासाठी मी नाही. तीस वर्षं एका ओट्यापाशी काढलीत आम्ही. तुमचा तो उतार आमच्यात सापडला तर मला दाखवा."

अन्वीनं भावंडांच्या टिकल्या काढल्या आणि त्यातली एक केतकीला लावली. यंत्र सुरू केलं. सासूची टिकली गुलाबी. सुनेची टिकली गुलाबी. तंतोतंत एक छटा. अन्वीनं असा सपाट उतार पूर्वी कधी बघितला नव्हता. निम्मी कळ इकडे, निम्मी तिकडे, आणि निम्मी कळ आजींचं हृदय आरामात सोसत होतं.

"हेच धरून ठेवायचं," अन्वी हलक्या आवाजात म्हणाली. ती फरशीवर गुडघे टेकून, वाकून बसली. "दोघींपैकी एकीलाही दुसरीची दया आली की उतार पडेल. आणि केतकीताई, काहीही झालं तरी 'आई' म्हणायचं नाही."

"मनापासून कधी म्हटलंय मी यांना?"

"ते खरंय," शुभदाताई म्हणाल्या. यावर दोघींचं एकमत झालं, आणि अन्वीला काळजी वाटली की आता उतार पडतोय.

"भांडा!" ती म्हणाली. "भांडत राहा."

शुभदाताईंच्या तोंडात नळी, आरसा, चिमटा. त्यांना बोलता कुठलं येणार? पण त्यांनी घशातून आवाज काढला, "ऑ ऑ ऑऑ ऑ."

"मिसळणाच्या डब्याचं झाकण मी लावत नाही?" केतकी कडाडली. "तुम्ही मोहरीचा चमचा हळदीत घालता त्याचं काय?"

"ऑऑ! ऑ ऑ ऑ!"

"माझ्या माहेरचं नाव काढायचं काम नाही!"

ऋतुजा थक्क होऊन बघत होती. आईचं ते ऑ ऑ तिला, पोटच्या पोरीला, एक अक्षर कळत नव्हतं. केतकीला शब्दन्‌शब्द कळत होता. अन्वीनं चिमटा घट्ट धरला, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. केतकीनं पलंगाची कड पकडली, तिची बोटं पांढरी पडली, डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंड सुरूच. "आणि पंखा पाचवर ठेवून वर दोन पांघरुणं कोण घेतं हो? कोण घेतं?" दाढेचं शेवटचं मूळ सुटलं तेव्हा ती किंचाळली, "तन्मय! तुझ्या नानाची टांग!"

दाढ वाटीत टण्‌कन पडली.

शुभदाताईंनी कापसाच्या बोळ्यावर दात आवळले. डोळे मिटून पडल्या. ठोके शांत होते. केतकी भिंतीला टेकून खाली बसली आणि तन्मय तिला पाणी द्यायला धावला. जखमेची ठणक बसेपर्यंत यंत्र सुरू ठेवायचं असतं, म्हणून अन्वी तशीच वाकून फरशीवर बसून राहिली. आज काम करताना अंगात कसा हुरूप होता! एवढी अवघड दाढ, पण वाकून बसल्यासारखंसुद्धा वाटलं नाही. शुभदाताईंचा हात तेवढा पुन्हा कमरेकडे गेला. केतकी धडपडत उठली आणि सासूच्या पाठीशी एक उशी कोंबली. "एका कुशीवर पडून आखडलं असेल," ती पुटपुटली.

तन्मय अन्वीजवळ आला. आवाज खाली करून म्हणाला, "डॉक्टर, एक विचारू? हे यंत्र आठवडाभर घरी ठेवता येतं का?"

"कशाला?"

"नाही म्हणजे... गुडघ्याचं बघा. रोज थोडा वेळ. आईला पण बरं वाटतं हो, मी चाललो की. तुम्ही बघितलंत ना?"

अन्वी ताडकन उठून उभी राहिली. तिला खरोखर संताप आला. "लाज नाही वाटत तुम्हाला? चौऱ्याऐंशी वर्षांची आई आहे ती! तिला काय हमाल समजता? आपलं दुखणं आपण सोसावं, एवढंसुद्धा जमत नाही छप्पन्नाव्या वर्षी?"

तन्मयनं मान खाली घातली. शुभदाताई बोळ्याआडून म्हणाल्या, "त्याला रागावू नकोस गं. पडून पडून मला तरी दुसरं काय काम आहे?"

"आजी, तुम्ही गप्प पडा," अन्वी म्हणाली. तिनं यंत्र बंद केलं, टिकल्या काढल्या, स्वतःचीही काढली, सगळं भराभर बॅगेत भरलं. बॅग पाठीवर घेतली, पेज कोमटच द्या, बोळा बदला, गुरुवारी येते, असं सांगत दारापाशी आली. अजून रागानं धुमसत होती. असली माणसं! बाहेर जिन्यावर आली आणि चप्पल घालायला वाकली.

कमरेतून जी कळ आली, तिनं तिला भिंत धरायला लावली. जिना चढतानाचीच कळ. मधे ती नव्हतीच कुठे. यंत्र सुरू होतं तेवढा वेळ अन्वी वाकली, फरशीवर बसली, ताडकन उठली, आणि एकदाही... आणि आजींचा हात, तो कमरेकडे जात होता. आजींचं तर खुब्याचं हाड मोडलं होतं. कंबर नव्हे. साक्षी टिकली, नुसती बघी म्हणे! तिच्याही नकळत तिच्या तोंडून निघून गेलं,

"आई गं!"

आतून लगेच आवाज आला. बोळा काढून टाकला असावा.

"काय झालं गं पोरी? कंबर ना? मला माहीत होतं. ये, आत ये. लाव ती टिकली."

अन्वी भिंत धरून उभी राहिली. एक चप्पल पायात होती, दुसरी अजून घालायची होती. पुढचं घर चार जिने वर होतं आणि तिथे कवळीचं माप घ्यायचं होतं. बॅगेची चेन अर्धवटच लागली होती. आतल्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली.

अन्वीनं पायातली चप्पल काढली.